आठ ओळींची पाळत : क्लिपबोर्डवर नजर ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमची समीक्षा



आजचा विषय वाचून दोघातिघांनी दारातच विचारलं, की हे समीक्षेचं व्याख्यान आहे की कॉम्प्युटरच्या क्लासचं? समीक्षेचंच आहे. कविता वाचताना आपण विचारतो ना, हा शब्द इथे कशाला, ही ओळ काय करते, काय सांगायचं राहून गेलं? प्रोग्रॅमही माणसानंच लिहिलेला मजकूर असतो. आज आम्ही असा एक मजकूर वाचायला घेतलाय, जेमतेम आठ ओळींचा. तो कुणा एकाचा नाही. पायथन शिकणाऱ्याला तो थोड्याफार फरकानं कुठे ना कुठे भेटतोच. आम्हीही तो तसाच उचलला आणि इथे वरोऱ्यात एका दुकानात लावून दिला. तेव्हा आजची टीका पहिल्यांदा आमच्यावरच आहे.

दुकान कसलं, तर आपल्या गावात चौकाचौकात असतं तसंच. पुढच्या बाजूला ऑनलाइन फॉर्म भरणं, शिष्यवृत्ती, सातबारा, पीकविमा. मागच्या बाजूला डीटीपी, म्हणजे लग्नपत्रिका, बॅनर, अर्ज टाइप करणं. टायपिंग करणारे काका जुने, रेमिंग्टनच्या मशीनवर हात बसलेले, त्यामुळे सगळं काम कृतिदेवमध्ये. आणि सरकारी पोर्टल मागतं युनिकोड. मग काका आधी कृतिदेवमध्ये टाइप करणार, तो मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकणार, तिथून परत कॉपी, मग पोर्टलवर पेस्ट. दिवसातून शंभरदा. आम्हाला वाटलं, काकांनी नुसतं कॉपी करावं आणि बाकीचं प्रोग्रॅमनं आपोआप करावं. क्लिपबोर्डवर नवीन मजकूर आला की तो ओळखायचा, युनिकोडमध्ये बदलायचा आणि परत क्लिपबोर्डवर ठेवायचा.

ज्यांनी कृतिदेव वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कृतिदेवमध्ये तुम्हाला पडद्यावर 'वरोरा' दिसतं, पण फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरं : ओ, जे, के, एस, जे, के. फॉन्ट त्या अक्षरांना आपल्या अक्षरांचे कपडे घालतो, एवढंच. फॉन्ट काढला की आतली इंग्रजी खिचडी उघडी पडते. शिवाय क्रम वेगळा. 'विहीर' लिहायचं तर पहिली वेलांटी आधी, व नंतर, कारण टाइपरायटरवर तसंच ठोकायचं असे. युनिकोडमध्ये व आधी येतो, वेलांटी मागून. म्हणून रूपांतर करणं म्हणजे नुसता अक्षराला अक्षर लावायचा खेळ नाही, क्रमही फिरवावा लागतो. तो भाग आज बाजूला ठेवू. आजचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे : क्लिपबोर्डवर काही बदललं, हे प्रोग्रॅमला कळतं कसं?

आता तो मजकूर वाचू. पहिल्या दोन ओळींत दोन मदतनीस बोलावलेत. एक पायपरक्लिप, म्हणजे क्लिपबोर्ड वाचणारी लायब्ररी. दुसरा टाइम, थांबण्यासाठी. तिसऱ्या ओळीत 'जुना' नावाचा रिकामा डबा. चौथ्या ओळीत कधीच न संपणारा लूप. पाचवी ओळ : क्लिपबोर्डवरचा मजकूर आणा, त्याला 'नवा' म्हणा. सहावी : नवा हा जुन्यापेक्षा वेगळा आहे का? सातवी : असेल तर काम करा आणि नव्याला जुना म्हणा. आठवी : एक सेकंद झोपा. झालं.

आधी याचं जे चांगलं आहे ते मान्य करू. इंग्रजी येवो न येवो, दहावीतल्या पोराला हे दोन मिनिटांत समजतं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे चालतं. पायपरक्लिप ही ॲल स्वाइगार्ट यांची लायब्ररी, आणि त्यांच्या 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' या पुस्तकातून ती जगभर गेली. कंटाळवाणी कामं यंत्रावर टाका, असं सांगणारं पुस्तक आहे ते. काकांचं काम कंटाळवाणं होतंच. तेव्हा आमची निवड अगदीच मूर्खपणाची होती असं नाही.

पण दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन. "भाऊ, तुमचं हे यंत्र परतेक वाक्याच्या शेवटी अर्धा ण लावून राह्यलं!" (हशा)

हसू आलं, पण कारण शोधलं तेव्हा गंमत कळली. प्रोग्रॅम कृतिदेवचा मजकूर बदलून क्लिपबोर्डवर ठेवतो. ठेवला की क्लिपबोर्ड बदलला. सेकंदानं प्रोग्रॅम जागा होतो, बघतो, अरे, काहीतरी नवीन आलंय! आणि स्वतःच ठेवलेला मजकूर पुन्हा बदलायला घेतो. देवनागरी अक्षरांना त्यानं काही होत नाही, पण विरामचिन्हांना होतं. कृतिदेवमध्ये संयोगचिन्हाची कळ दाबली की पूर्णविराम दिसतो, आणि पूर्णविरामाची कळ दाबली की अर्धा ण. म्हणजे पहिल्या फेरीत पूर्णविराम नीट आला, दुसऱ्या फेरीत त्याचा ण् झाला. स्वल्पविरामाचा 'ए' झाला. आणि मूळच्या संयोगचिन्हाचा प्रवास तर तीन फेऱ्यांचा : पहिल्या फेरीत ते बरोबर आलं, दुसरीत पूर्णविराम झालं, तिसरीत ण्. मग बदलण्यासारखं काही उरत नाही आणि प्रोग्रॅम शांत होतो. काकांना दिसायचा तो हा शांत झाल्यानंतरचा मजकूर.

उपाय एका ओळीचा आहे. स्वतः लिहिल्यावर 'जुना' डब्यात स्वतः लिहिलेलंच ठेवायचं. आम्ही तो केला. पण समीक्षक म्हणून इथे थांबायला पाहिजे. ही चूक सातव्या ओळीत दिसते, तिचं मूळ मात्र सहाव्या ओळीत आहे. ती ओळ विचारते, मजकूर वेगळा आहे का? आपल्याला विचारायचं होतं, कुणी काही कॉपी केलं का? हे दोन प्रश्न एक नाहीत.

कसे नाहीत ते दुकानात बसून बघा. काकांनी एक पत्ता कॉपी केला, पेस्ट करताना पोर्टल अडकलं, म्हणून तोच पत्ता पुन्हा कॉपी केला. माणसाच्या लेखी दोनदा कॉपी झालं. प्रोग्रॅमच्या लेखी काहीच झालं नाही, कारण मजकूर तोच. उलट बाजूनं, काकांनी एका सेकंदात दोन गोष्टी भराभर कॉपी केल्या, तर पहिली प्रोग्रॅमला कधी दिसलीच नाही. तो झोपलेला होता. आणि फोटो कॉपी केला तर? पायपरक्लिपला फक्त साधा मजकूर कळतो. त्याच्या हाती रिकामी ओळ येते, आणि रिकामी ओळ जुन्यापेक्षा वेगळी असल्यानं तो म्हणतो, बदललं!

झोप कमी केली तर, असं कुणीतरी म्हणेल. पायपरक्लिपमध्ये स्वतःचीच एक सोय आहे, नवीन पेस्टची वाट पाहणारी. ती आतून हेच करते, फक्त एक सेकंदाऐवजी सेकंदाच्या शंभराव्या भागानं जागी होते. म्हणजे सेकंदाला साधारण शंभरदा क्लिपबोर्ड उघडून वाचायचा. लिनक्सवर तर दर वाचनाला एक वेगळा छोटा प्रोग्रॅम सुरू होऊन बंद होतो. आणि विंडोजवर एका वेळी एकालाच क्लिपबोर्ड उघडता येतो. आपला प्रोग्रॅम दार उघडून आत उभा असताना एक्सेल आलं, तर एक्सेलला बाहेर थांबावं लागतं, आणि कधी कधी ते तक्रार करतं की दुसरा कुठला तरी प्रोग्रॅम क्लिपबोर्ड वापरतोय. बिचाऱ्या काकांना वाटतं एक्सेल बिघडलं.

इथे थोडं मागे जाऊ. कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी रुजवली. पुढे १९८३ मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर ती आली. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. त्या मूळ कल्पनेत पात्रं किती? एकच, माणूस. तोच ठेवणार, तोच उचलणार. मध्ये कान लावून बसलेला तिसरा कुणी त्या चित्रात नव्हता. म्हणूनच क्लिपबोर्डला कुलूप नाही. तुमच्या लॉगिनमध्ये चालणारा कुठलाही प्रोग्रॅम तो वाचू शकतो. ही उणीव आठ ओळींची नाही, पण आठ ओळी तिचा पुरेपूर फायदा घेतात.

आता तुम्ही म्हणाल, वाचल्याशिवाय बदल कळणार कसा? कळतो. आणि मंडळी, आज आम्हाला मुख्यतः हेच सांगायचंय.

कुठल्याही सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टर असतं. टपाल आलं की बारनिशीतला माणूस त्यावर आवक क्रमांक टाकतो. आज सकाळी क्रमांक ४१२ होता आणि आता ४१५ आहे, एवढं बघितलं की कळतं, काहीतरी आलं. त्यासाठी पाकीट फोडून साहेबाचं पत्र वाचावं लागत नाही. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचं असंच रजिस्टर विंडोज २००० पासून आहे. त्याचं नाव 'गेट क्लिपबोर्ड सीक्वेन्स नंबर'. क्लिपबोर्डवर काही ठेवलं किंवा तो रिकामा केला की हा आकडा वाढतो. पायथनमधून तो विचारायला पायविन३२ ची एक ओळ पुरते. क्लिपबोर्ड उघडावा लागत नाही, त्यामुळे एक्सेललाही त्रास नाही. तोच पत्ता दोनदा कॉपी केला तरी आकडा पुढे जातो. फक्त एक लक्षात ठेवा, एका कॉपीत तो एकापेक्षा जास्तीनंही वाढू शकतो. म्हणजे आकडा बदलला का, एवढंच विचारायचं. किती वेळा कॉपी झालं याचा हिशेब त्यावरून करायचा नाही.

त्याहून चांगलं म्हणजे आपण विचारूच नये, विंडोजनंच सांगावं. तशी सोय जुनी आहे. आधी साखळी होती : बदल झाला की पहिल्या प्रोग्रॅमला निरोप, त्यानं दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. त्यातला एक अडकला की पुढच्या सगळ्यांचा निरोप बंद. विंडोज व्हिस्टापासून ती कटकट गेली. 'ॲड क्लिपबोर्ड फॉरमॅट लिसनर' म्हणून एकदा नाव नोंदवलं की प्रत्येकाला थेट निरोप मिळतो. नाव नोंदवायला मात्र प्रोग्रॅमची एक खिडकी लागते, अदृश्य चालेल, आणि निरोप घेणारा लूप लागतो. नुसत्या पायथनमध्ये हे लिहायचं तर सी-टाइप्स घेऊन पन्नासेक ओळी होतात. ज्यांना तेवढा खटाटोप नको त्यांनी क्यूटी वापरावं, पायक्यूटी किंवा पायसाइड. त्यात क्लिपबोर्डला 'डेटा चेंज्ड' नावाचा संकेत असतो. तो आपल्या फंक्शनला जोडला की झालं. टीके-इंटर वापरणाऱ्यांना असा संकेत मिळत नाही. त्यांनी खिडकीच्या 'आफ्टर' या सोयीनं दर अर्ध्या सेकंदाला तो आकडा विचारावा. 'व्हाइल ट्रू' आणि 'स्लीप' खिडकीच्या प्रोग्रॅममध्ये घातलं तर खिडकीच गोठते, हे बहुतेकांनी एकदा तरी अनुभवलेलं असेल.

मॅकवर निरोपाची सोय नाही. तिथे 'चेंज काउंट' नावाचा आकडा आहे, तोच अधूनमधून बघायचा. क्यूटीचा संकेत मॅकवर दुसऱ्या प्रोग्रॅमनं केलेला बदल तेव्हाच सांगतो, जेव्हा आपली खिडकी पुढे येते, हेही ध्यानात असू द्या. लिनक्सचं प्रकरण निराळं. जुन्या एक्स पद्धतीत मजकूर ज्याच्याकडून कॉपी केला त्याच्याजवळच राहतो, तो प्रोग्रॅम बंद केला की मजकूरही जाऊ शकतो. नव्या वेलँडमध्ये ज्या खिडकीत तुम्ही काम करताय तिलाच सहसा क्लिपबोर्ड दिसतो. आमच्या मते वेलँडवाल्यांनी टेस्लरच्या चित्रातली पात्रं बरोबर मोजली.

हे सगळं आम्हाला आधीपासून माहीत होतं का? नव्हतं. शिकलो ते एका फाइलमुळे.

त्या ण् च्या भानगडीत चूक शोधायला म्हणून आम्ही प्रोग्रॅमला एक नोंदवही लावली होती. आधीचा मजकूर, नंतरचा मजकूर, वेळ. चूक सापडली, नोंदवही काढायची राहिली. काही आठवड्यांनी दुकानात गेलो, फाइल उघडली. अर्ज होते, लग्नपत्रिका होत्या. आणि त्यांच्या मधे मधे बारा आकडी आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक, कुणाच्या शिष्यवृत्तीच्या खात्याचा पासवर्ड. काका फॉर्म भरताना हे सगळं व्हॉट्सॲपवरून कॉपी करून पोर्टलवर टाकत होते, आणि आमचा प्रोग्रॅम इमानेइतबारे लिहून ठेवत होता. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. ज्या कॉम्प्युटरवर दिवसभर पोरं पेन ड्राइव्ह लावतात त्याच्यावर.

त्यातला एकही माणूस आमच्याकडे आला नव्हता. कुणी मारेगावहून, कुणी भद्रावतीहून दुकानात आला, काकांवर विश्वास ठेवून कागद दिले. आम्ही कोण? फाइल पुसली, काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मले का माहीत जी, का लिहून राह्यलं ते." बरोबर आहे. त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. आम्हाला असायला हवं होतं.

इथे पाचव्या ओळीकडे परत या. 'क्लिपबोर्डवरचा मजकूर आणा.' किती निरुपद्रवी वाटते! पण ती सेकंदाला एकदा, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत, जे येईल ते वाचते. काकांच्या कामाला लागायचे शंभर मजकूर, आणि ती वाचायची सगळेच. अशी सवय लागलेला प्रोग्रॅम आणि चोरटा प्रोग्रॅम यांच्यात फरक फार थोडा असतो. २०१८ मध्ये पायथनच्या सार्वजनिक पॅकेजांच्या साठ्यात 'कलरामा' या लोकप्रिय पॅकेजच्या नावात एक जादा अक्षर घालून बनवलेलं नकली पॅकेज सापडलं. ते विंडोजवर क्लिपबोर्डवर नजर ठेवी. बिटकॉइनचा पत्ता दिसला की तो बदलून चोराचा पत्ता ठेवी. तुम्ही कॉपी केला एक, पेस्ट झाला दुसरा. रचना आमच्यासारखीच होती : बघा, ओळखा, बदला, परत ठेवा.

मोठ्या कंपन्यांनाही हे उशिरा सुचलं. ॲपलनं २०२० मध्ये आयओएस १४ आणलं, त्यात दुसऱ्या ॲपमधून कॉपी केलेलं एखाद्या ॲपनं वाचलं की पडद्यावर सूचना येऊ लागली. त्यासरशी कितीतरी नावाजलेली ॲप उगाचच क्लिपबोर्ड वाचतात हे लोकांना दिसलं. अँड्रॉइडनं २०१९ मध्येच मागे चालणाऱ्या ॲपना ते वाचायला बंदी केली होती. विंडोजच्या डेस्कटॉपवर मात्र अजून अशी सूचना नाही. तिथे एक सभ्यपणाचा करार आहे. पासवर्ड सांभाळणारे प्रोग्रॅम पासवर्ड कॉपी करताना सोबत एक खूण ठेवू शकतात, की पाळत ठेवणाऱ्यांनी हे वाचू नये. वाचणाऱ्यानं ती खूण पाळायची असते. पायपरक्लिपला ती दिसतच नाही, कारण त्याला मजकुराखेरीज काही दिसत नाही. कीपास नावाचा प्रोग्रॅम तर पासवर्ड बारा सेकंदांनी क्लिपबोर्डवरून पुसतो. दर सेकंदाला वाचणाऱ्यासमोर त्या बारा सेकंदांचा काय उपयोग?

अजून एक नुकसान राहिलं, ते थेट मराठीचं आहे. वर्डमधून तुम्ही कॉपी करता तेव्हा क्लिपबोर्डवर एकच गोष्ट जात नाही. साधा मजकूर जातो, आणि सोबत आरटीएफ व एचटीएमएल या रूपांत तोच मजकूर फॉन्टच्या नावासकट जातो. कुठले शब्द कृतिदेवमध्ये आहेत आणि कुठला ई-मेल पत्ता टाइम्स न्यू रोमनमध्ये आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. आठ ओळी साधा मजकूर तेवढा उचलतात आणि बाकी टाकून देतात. म्हणून आमच्या प्रोग्रॅमनं लोकांच्या ई-मेल पत्त्यांचंही देवनागरी करून टाकलं. म्हणजे वाचू नये ते सगळं वाचलं, आणि वाचायला हवं होतं ते सोडलं.

वेगळ्या पद्धतीचा एक प्रोग्रॅम सांगतो. इथून जवळच बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभं केलेलं आनंदवन आहे, तिथे अंध मुलांची शाळा आहे, त्यामुळे हा विषय वरोऱ्याला परका नाही. अंध माणसाला पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, २००६ पासूनचा, बहुतांशी पायथनमध्येच लिहिलेला. त्यात क्लिपबोर्ड वाचायची कळ आहे : एनव्हीडीएची कळ आणि सी. दाबली की वाचतो. मजकूर फार मोठा असेल तर सगळा न वाचता इतकी अक्षरं आहेत असं सांगतो. न दिसणाऱ्या माणसाला क्लिपबोर्डची गरज आपल्याहून जास्त, तरी हा प्रोग्रॅम विचारल्याखेरीज आतलं बोलत नाही. आणि समजा त्याला हवं असेल, की कॉपी झालं हे लगेच कळावं, तर त्याला आकडा बदलल्याचा एक 'टिंग' पुरेल. टिंग करायला आधार क्रमांक वाचावा लागत नाही.

त्याच धर्तीवर आम्ही काकांचा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. बदल झाला की विंडोज सांगतं, तेव्हा कोपऱ्यातला ठिपका फक्त हिरवा होतो. काकांनी कळ दाबली तरच मजकूर वाचायचा. आरटीएफ असेल तर त्यातला कृतिदेवचाच भाग बदलायचा. 'वाचू नका' अशी खूण असेल तर हात लावायचा नाही. नोंदवही नाही. वर्डसारखे प्रोग्रॅम एका कॉपीला दोन-दोन निरोप पाठवतात, म्हणून निरोपानंतर थोडं थांबायचं, हे नंतर घातलं. आता तो दोनशे ओळींच्या आसपास गेलाय.

काकांना तो आवडला नाही. "आधी कसं आपोआप होत होतं. आता एक कळ जास्त दाबा लागते." दिवसातून शंभरदा एक कळ जास्त, खांदा त्यांचा दुखतो, आमचा नाही. त्यांनी जुनाच परत मागितला. आम्ही दिला नाही. मग त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तसाच एक लावून घेतलाय असं ऐकतो. पुढच्या आठवड्यात जाऊन बघणार आहोत, तो कुठे काय लिहून ठेवतोय ते.

चला, प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी हात वर केला होता.